शिट्टीचा धनी कोण?

कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातलं मोठं गाव. समर्थ रामदासांचं जन्मगाव जांब याच तालुक्यात. त्यामुळे रामनवमी आली की बॉक्स, कर्णे आणि जनरेटर टेम्पोत घालून फिरणाऱ्यांची या भागात धावपळ सुरू होते. पुढे लग्नसराई, मग गणपती, सप्ते, जयंत्या. 'फीडबॅक' हा शब्द मंडपात फारसा कुणी उच्चारत नाही, पण त्याची ओळख सगळ्यांना आहे. कीर्तनकार माइकजवळ सरकले आणि बॉक्समधून कान किटवणारी किंकाळी निघाली की पाच वर्षांचं पोरही मान वळवून साऊंडवाल्याकडे बघतं.

इलेक्ट्रिक गिटारची किंकाळी त्याच जातीची, पण ती निघाली की सगळे गिटारकडे बघतात, साऊंडवाल्याकडे कुणी बघत नाही. ही तफावत मला गमतीची वाटते. खाली जे दोघे भांडताहेत त्यांचं भांडण मुळात यावरूनच आहे.

मामांचं पिंपळगावात मंडप-साऊंडचं काम. कर्णे बांबूला बांधायचे त्या काळापासून ते यात आहेत. भाचा छत्रपती संभाजीनगरला एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवतो. गणपतीतल्या कार्यक्रमासाठी तो गिटार, एक डिस्टॉर्शनचं पेडल आणि छोटा ॲम्प घेऊन मामांच्या पत्र्याच्या गोडाऊनमध्ये सरावाला आला, आणि पहिल्याच गाण्यात गिटारने बोंब ठोकली. मी तिथं चहाला होतो. पुढचं बोलणं जमेल तसं उतरवलं आहे. मधेमधे माझी लुडबूड आहे.

भाचा : मामा, ही गिटार बदलल्याशिवाय गत नाही. गेन जरा वाढवला की किंचाळायलीय. पिकअप हलक्या प्रतीचा आहे. चांगला टाकला की विषय संपला.

मामा : विषय संपत नसतो भाचेराव, पैसे संपतात. सप्त्यात महाराजांचा माइक शिट्टी मारायला लागला की लोक म्हणतात, माइक बदला. बदलला तरी शिट्टी तीच. मग मी बॉक्स उचलून चार पावलं पुढं नेतो, तोंड लोकांकडं करतो. गप होतं. माइक तोच, मशीन तीच, बॉक्स तोच. आता सांग, बिघाड कशात होता?

भाचा : माइकचं वेगळं. माइक हवेतला आवाज ऐकतो. गिटारचा पिकअप हवेतलं काही ऐकत नाही. आत लोहचुंबक असतं आणि त्याभोवती तांब्याचं वायंडिंग. वरची पोलादी तार हलली की वायंडिंगमध्ये करंट तयार होतो. तार हलली नाही तर काहीच नाही.

मामा : आणि तार कोण हलवतं?

भाचा : मी.

मामा : तू हात काढल्यावर?

यावर भाचा गप्प झाला, आणि मला वाटतं सगळ्या प्रकरणाची किल्ली इथंच आहे. हात काढल्यावर तार बॉक्स हलवतो. ॲम्पमधून निघालेला आवाज हवेतून गिटारच्या लाकडावर आणि तारांवर आदळतो, तारा थरथरतात, पिकअप ती थरथर उचलतो, ॲम्प ती मोठी करतो आणि पुन्हा हवेत सोडतो. हा आवाजाचा फेरा. सोरेन लार्सन या डॅनिश शास्त्रज्ञाच्या नावावरून त्याला 'लार्सन परिणाम' म्हणतात. फेरा बोंबलायला लागायच्या अटी दोनच. एका फेऱ्यात आवाजाला जेवढी वाढ (भाच्याच्या भाषेत 'गेन') मिळते ती वाटेतल्या घटीला पुरून उरली पाहिजे. आणि परत आलेली लहर आधीच्या लहरीच्या पावलावर पाऊल टाकत आली पाहिजे, नाहीतर दोघी एकमेकींना मारतात. म्हणून सगळे सूर एकदम ओरडत नाहीत, ज्याला दोन्ही अटी आधी जमतात तो एकटा पुढे होतो. ४४० हर्ट्झचा सूर घेतला तर त्याची हवेतली लहर पाऊण मीटरहून थोडी लांब भरते. गिटारवाला हातभर सरकला तरी लहरीचं पाऊल उलटतं आणि किंकाळी दुसऱ्याच सुरावर उडी मारते. 'भूत आहे याच्यात' असं वैतागून म्हणणारे वादक मी पाहिलेत. भुताचा पत्ता फूटपट्टीने काढता येतो.

मामा : आता हे तुझं पायातलं खोकं. हे काय करतं?

भाचा : पेडल? बारीक आवाज मोठा करतं, आणि मोठा असतो त्याला दाबून सपाट करतं. त्यानंच तो रॉकचा भरीव आवाज येतो.

मामा : म्हणजे तू वाजवत असतोस तोवर तुझा आवाज दाबतं, आणि तू थांबलास की?

भाचा : की... जे काही बारीकसारीक उरलं असेल ते उचलतं.

मामा : मग किंचाळणार नाही तर काय करील? आमच्या मशीनला असं कुणी केलं तर मी त्याला मंडपात पाय ठेवू देणार नाही.

भाचा : पण ते खोकं काढलं तर गाणंच राहत नाही मामा. गेन कमी करा हे उत्तर मला कुणीही देईल. मला गेन ठेवून शिट्टी घालवायचीय.

इथं भाच्याची बाजू मला रास्त वाटते. आवाज कमी कर हा सल्ला नेहमीच बरोबर असतो आणि म्हणूनच फारसा उपयोगाचा नसतो. मामांनाही ते पटलं असावं, कारण ते खुर्चीवरून उठले.

मामा : वाजव. ओरडू दे तिला.

भाच्याने गेन वाढवला. आधी एक जाड, घुमणारा आवाज आला, त्यावर हळूहळू एक बारीक, सुईसारखी तीक्ष्ण शिट्टी चढली. पत्र्याचं शेड थरथरलं.

मामा : आता सगळ्या तारांवर तळहात दाबून ठेव. घट्ट.

तळहात पडला तसा जाड आवाज जागच्या जागी मेला. बारीक शिट्टी मात्र चालूच राहिली. मामांनी त्याच्या गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर आणला, तेव्हा तीही थांबली.

मामा : बघ. दोन जणं ओरडत होते. एक तारांतून येणारा, तो हातानं मेला. दुसऱ्याचा तारांशी संबंध नाही. व्हॉल्यूम बंद केल्यावरही राहिला असता तर म्हणलो असतो की पेडल, केबल नाहीतर ॲम्प. तसंही नाही. म्हणजे तो गिटारच्या आत आहे, पण तारांच्या अलीकडं.

भाचा : म्हणजे पिकअपच! मी काय म्हणत होतो?

दुरुस्तीची ही तपासणी अशीच, याच क्रमाने करावी असं मी सुचवीन. आधी तारा दाबा. मग गिटारचा व्हॉल्यूम बंद करा. मग गिटारकडून ॲम्पकडे एकेक दुवा काढत चला : पेडल वगळून थेट जोडा, केबल बदला, केबल काढून ॲम्प नुसताच चालू ठेवा. बहुतेक लोक उलट दिशेने, खिशाकडून सुरुवात करतात. भाच्याने मग पेन्सिलीच्या मागच्या टोकाने पिकअपच्या प्लास्टिकवर हलकेच टकटक केलं, तर ॲम्पमधून ठाकठाक ऐकू आली. पिकअप माइकसारखा वागत होता.

मामा : पिकअपच, मान्य. पण बदलायचा कशाला? त्यात किती वेढे असतात?

भाचा : या जातीच्या पिकअपमध्ये सात-आठ हजार. तार केसाइतकी बारीक.

मामा : आणि वेढे सुटे असतील तर? बोअरची मोटार जळाली की आपण भरून आणतो. भरल्यावर वायंडिंगवाला काय करतो? वार्निश पाजतो. वेढे सुटे राहिले तर करंट सोडला की थरथरतात, एकमेकांना घासतात, पुन्हा जळतात. तुझ्या त्या डबीत तेच चाललंय. बॉक्सनं हादरा दिला की वेढेच थरथरायलेत. त्याला वार्निश पाजलंय का?

भाचा : वार्निश नाही, मेण. पॅराफिन आणि त्यात थोडं मधमाशीचं मेण. चांगले पिकअप मेणात बुडवूनच देतात. स्वस्तातल्या गिटारींत ते काम बऱ्याचदा टाळलेलं असतं.

मामा : मग बुडव की!

बुडवायची पद्धत भाच्याला माहीत होती, धाडस नव्हतं. मेण थेट शेगडीवर ठेवायचं नाही, भडकतं. मोठ्या पातेल्यात पाणी, त्यात छोटं भांडं, छोट्यात मेण. ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवायचं. त्याच्या फार वर गेलं तर पिकअपचा प्लास्टिकचा सांगाडा वाकतो आणि मग नवा घेण्याशिवाय इलाज उरत नाही. पिकअप सोडला की वेढ्यांमधली हवा बुडबुड्यांनी वर येते. बुडबुडे थांबले की मेण आतपर्यंत गेलं असं समजायचं. बाहेर काढून वरचं मेण पुसायचं, निवू द्यायचं. एवढ्यात बाहेरच्या दोन बारीक वायरींना धक्का लागून डाग सुटू शकतो, म्हणून घाई नको. पिकअपवर धातूचं झाकण असेल तर तेही सैल असतं आणि स्वतः थरथरतं. त्याच्या आतली पोकळीही मेणाने भरून येते. ज्यांना मेणाची भीती वाटते त्यांनी निदान पिकअपचे स्क्रू आणि स्प्रिंगा घट्ट आहेत का ते बघावं, खाली फोमचा तुकडा सरकवावा. स्ट्रॅट घाटाच्या गिटारीत मागच्या झाकणाखाली ट्रेमोलोच्या, म्हणजे सूर लववायच्या दांडीच्या, स्प्रिंगा असतात, त्याही फावल्या वेळात गुणगुणतात. तिथंही फोम चालतो.

भाचा : म्हणजे मी बरोबर होतो. पिकअप.

मामा : जागा बरोबर सांगितलीस, औषध चुकीचं. आणि अर्ध्याच दुखण्याचं. तो जाड घुमारा नव्या पिकअपनं गेला असता का?

नसता गेला. तो घुमारा तारांचा, खोलीचा आणि उभं राहण्याच्या जागेचा. पत्र्याच्या शेडमध्ये तर विचारूच नका. उघड्या मैदानात बॉक्सपासूनचं अंतर दुप्पट केलं की आवाज ६ डेसिबलने उतरतो. बंद शेडमध्ये तो पत्र्यावरून, भिंतीवरून फिरून येतच राहतो, आणि थोड्या अंतरानंतर कितीही लांब जा, फारसा फरक पडत नाही. शेडमध्ये ओरडणारी गिटार पटांगणात शहाण्यासारखी वागली तर तिने काही पाप धुतलं असं नाही. शेडमध्ये सराव करून 'गिटार खराब' असा निकाल देणाऱ्यांनी एकदा तिला अंगणात नेऊन बघावं.

मामा : बेंजो पार्टीवाले तुझ्यापेक्षा हुशार. त्यांना कधी ही रड नाही.

भाचा : नाही कशी? त्यांना जास्त. बेंजो म्हणजे पातळ लाकडाचं पोकळ खोकं, वर तारा आणि खाली पिकअप. फक्त ते गाडीवर पुढं बसतात आणि भोंगे वर टांगलेले असतात, म्हणून निभतं.

भाच्याच्या या बोलण्याला जरा जोड देतो. महाराष्ट्रात आपण ज्याला बेंजो म्हणतो ते मुळात जपानी वाद्य. नागोया शहरात १९१२ साली 'तैशोगोतो' म्हणून ते तयार झालं, भारतात बुलबुलतरंग झालं, आणि पिकअप लावून वरातीत आलं. खोकं पोकळ असलं की बॉक्सचा आवाज त्याच्या फळीला हलवतो, फळी तारांना हलवते. गिटारवाल्यांची पहिली पिढी यातूनच गेली. गिब्सन कंपनीची ईएस-१५० ही १९३६ ची गिटार पोकळ होती, जॅझ वाद्यवृंदात ती आवाज वाढवला की घुमायची. नंतर भरीव लाकडाच्या गिटारी आल्या आणि फेन्डरने १९५० च्या सुमारास त्या बाजारात आणल्या, त्यामागचं एक मोठं कारण हेच. बी. बी. किंग हा ब्लूजचा बादशहा आपल्या पोकळ गिटारच्या भोकांत कापड कोंबायचा. १९८० मध्ये गिब्सनने त्याच्यासाठी भोकं नसलेलीच गिटार काढली. अकूस्टिक गिटारला पिकअप लावून भजनाला बसणाऱ्यांना मी एवढंच सांगेन की पुढच्या गोल भोकाला बसणारं रबरी झाकण मिळतं, ते लावा. पुढे जाऊ.

जाऊ म्हणतो, पण इथं एक गोष्ट अशी निघाली की चहा बाजूला राहिला. शिट्टी थांबल्यावर ॲम्पमधून एक मंद 'घूं' येत होती. भाच्याने तारांना हात लावला की कमी व्हायची, सोडला की वाढायची.

भाचा : हा फीडबॅक मात्र मी घालवलाय मामा. घरी थ्री-पिनची वरची पिन काढून टाकली की ही घूं जाते.

मामा : कोणती पिन?

भाचा : ती जाडी. अर्थिंगची.

मामा : उठ. आधी तो ॲम्प बंद कर.

भाचा : अहो, आवाज जातो म्हणून—

मामा : तूच जाशील एक दिवस. हा फीडबॅक नाहीच. ही लाइटीची घूं आहे, ५० सायकलची. तुझ्या तारा आतून अर्थला जोडलेल्या असतात म्हणून हात लावला की ती कमी होते. म्हणजे तुझ्या अंगाचा आणि अर्थिंगचा थेट संबंध. आता मंडपात बघ : तुझा ॲम्प लाइटीवर, माझी मशीन जनरेटरवर. गावातल्या जोडणीत न्यूट्रल कुठं कसा आलाय देव जाणे. तुझा एक हात तारांवर, आणि गाता गाता ओठ माइकला. दोन्हीत फरक पडला की तो फरक तुझ्यातून जाणार.

या जागी मी दोन्ही बाजू तोलत बसत नाही, मामा शंभर टक्के बरोबर आहेत. स्टोन द क्रोज या स्कॉटिश बँडचा गिटारवादक लेस हार्वी १९७२ साली स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात गेला, तो असाच : हात गिटारच्या तारांवर, आणि अर्थिंग नसलेल्या माइकला स्पर्श. अर्थची पिन तोडून घूं घालवणारे लोक मुंबई-पुण्याच्या स्टुडिओंतही भेटतात. मंडपात तर ओली माती, फाटक्या वायरी आणि दोन वेगळे पुरवठे एकत्र असतात. गिटारचा ॲम्प आणि माइकची मशीन एकाच पुरवठ्यावर, एकाच अर्थिंगवर घ्यावीत. टेस्टरने आधी माइकची जाळी आणि गिटारचा ब्रिज तपासावा, तोही उघड्या पायाने नाही. तारांना हात लावल्यावर घूं कमी होण्याऐवजी वाढत असेल तर तिथंच थांबून जोडणी बघावी.

घूं घालवायचे धोका नसलेले मार्ग आहेत. एका कॉइलचा पिकअप हा जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं, डिमरचं, ट्यूबलाइटच्या चोकचं चुंबकीय क्षेत्रही उचलतो. गिटार हळूहळू फिरवा, एका दिशेला घूं जवळजवळ नाहीशी होते. गिब्सनमधल्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये दोन कॉइल शेजारीशेजारी ठेवून, एकाचं वायंडिंग आणि चुंबक दोन्ही उलटं करून ही घूं मारायची युक्ती काढली. तारांचा आवाज दोन्ही कॉइलमध्ये जुळून येतो, लाइटीचा गोंगाट एकमेकांना खातो. तोच हम्बकर. या पिकअपने फीडबॅक जात नाही हे मात्र पैसे मोजण्यापूर्वी लक्षात घ्यायला हवं. घूं आणि शिट्टी ही दोन दुखणी आहेत आणि दुकानदार दोन्हींवर एकच पिकअप विकतात.

भाच्याने ॲम्प बंद केला, बोर्ड बदलला, मग त्याची पाळी आली.

भाचा : आता माझं ऐका. तुम्ही म्हणता बिघाड मांडणीत असतो. मग सप्त्यात शिट्टी आली की तुम्ही मांडणी बदलता का? इक्वलायझरच्या दांड्या खाली ओढता.

मामा : मग? शिट्टी जाते.

भाचा : आणि महाराजांचे शब्दही जातात. दोन ते चार हजार हर्ट्झमध्ये बऱ्याचदा शिट्टी असते आणि तिथंच 'श', 'त', 'क' असतात. तुम्ही तिथला सगळा पट्टाच झोपवता. लोकांना महाराज ऐकू येतात, काय म्हणतात ते कळत नाही.

मामा : शिट्टी आली तर नाव माझं खराब होतं. शब्द गेले तर लोक म्हणतात महाराजांचा घसा बसला.

यावर आम्ही तिघंही हसलो, पण मामांनी नकळत आपल्या धंद्यातली खरी गोष्ट सांगून टाकली. ज्याचा दोष दिसतो तो दुरुस्त होतो. ज्याचा दिसत नाही तो श्रोत्यांच्या वाट्याला जातो.

भाचा : दांडी ओढायचीच तर जी शिट्टी मारते ती एकच ओढा, आणि थोडीच. त्याआधी माइक तोंडाच्या जवळ घ्यायला लावा. अंतर निम्मं केलं की ६ डेसिबल फुकट मिळतात. तेवढी मशीन खाली करता येते.

मामा : महाराजांना मी सांगू? ते नाचतात, माइक हातात असतो, त्याची जाळी मुठीत धरतात.

भाचा : जाळी मुठीत धरली की माइक मागचंही ऐकायला लागतो. तो समोरचंच ऐकायला बनवलेला असतो, मागच्या भोकांमुळे. ती झाकली की गेलं. आणि टाळकऱ्यांचे चार माइक कशाला उघडे ठेवता? उघडे माइक दुप्पट झाले की शिट्टीआधीची जागा ३ डेसिबलनं कमी होते. ज्याचं चालू नाही त्याचा बंद.

मामा : टाळकऱ्याचा माइक बंद केला तर तो मला पुढच्या वर्षी बोलावू देत नाही.

मामांचं हे उत्तर ध्वनिशास्त्राबाहेरचं आहे, पण गावात ध्वनिशास्त्र गावाबरोबरच चालतं. तरी या मुद्द्यावर भाचा जिंकला असं मी नोंदवतो. जी पद्धत मामांनी गिटारला लावली, ती ते आपल्या मशीनला लावत नव्हते. एकेक दुवा तपासायचं सोडून ते शेवटच्या दांडीवर सगळं भागवत होते.

मग भाच्याने तो विषय काढला ज्यासाठी, मला वाटतं, तो मुळात आला होता.

भाचा : मामा, मला तो जाड घुमारा सगळा घालवायचा नाहीये.

मामा : म्हणजे?

भाचा : तो मला पाहिजे. शेवटच्या गाण्यात एक सूर धरायचा, ॲम्पकडं तोंड करायचं आणि तो सूर विझू द्यायचा नाही. बीटल्सनं १९६४ साली 'आय फील फाइन'च्या सुरुवातीलाच असा आवाज मुद्दाम ठेवला. हेन्ड्रिक्सनं १९६९ ला वुडस्टॉकमध्ये अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवलं, त्यात निम्मं काम फीडबॅकचं आहे.

मामा : म्हणजे मी शिट्टी घालवायचे पैसे घ्यायचे आणि तू आणायचे?

भाचा : ती शिट्टी नसते. ऐका तरी.

त्याने तिसऱ्या तारेवर एक सूर दाबला, थोडा आंदोलित ठेवला, आणि ॲम्पच्या अगदी समोर वळला. सूर विझायला लागला, मग थांबला, आणि विझायच्या ऐवजी फुगला. थोड्या वेळाने तोच सूर वरच्या सप्तकात निसटला, पण झटक्याने नाही. खालचा मावळत असतानाच वरचा उगवत होता. भाचा अर्धा हात मागे सरकला तर वर पंचम ऐकू आला. याचं कारण तारेतच आहे. तार एका सुरात थरथरत नाही. तिच्यात मूळ सूर, त्याचं वरचं सप्तक, त्यावरचा पंचम, पुढे गंधार असे अनेक सूर एकदम असतात. नीट जुळलेल्या तंबोऱ्यात न लावलेला गंधार ऐकू येतो, तो याच घराण्यातला. आवाजाच्या फेऱ्याला यातला जो सूर त्या जागी, त्या अंतरावर सोयीचा पडतो, तो उचलला जातो. वादक पायाने अंतर बदलतो आणि हाताने तार, म्हणून हे वाद्य वाजवणं झालं. माइकच्या किंवा सुट्या वेढ्यांच्या शिट्टीत असं निवडीला काही नसतं. ती पट्टी सोडून असते आणि कुणाच्या हुकमात नसते.

मामांनी ऐकून घेतलं. चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मामा : थांबव.

भाच्याने तळहात टेकला. शेड शांत झालं.

मामा : हातानं थांबते तेवढी वाजव. हातानं थांबत नाही ती माझ्या मंडपात नको. आधी मेणाचं काम उरक, मग बोलू.

भाचा : म्हणजे शेवटच्या गाण्यात चालेल?

मामा : एका गाण्यात. आणि ॲम्प तुझ्या मागं जमिनीवर नको. जमिनीवर ठेवतोस, आवाज गुडघ्यांवर आदळतो, तुला ऐकू येत नाही म्हणून तू वाढवतोस. बाजूला खुर्चीवर ठेव, तिरका, तोंड तुझ्या कानाकडं. निम्म्या आवाजात भागेल.

भाचा : मग मला वळून समोर जावं लागेल त्या सुरासाठी.

मामा : जा की. दोन पावलं चाललास तर काय झिजतोस? मी तुझा माइक तेवढ्यापुरता बंद करतो, म्हणजे माझ्या बॉक्सातून ते फिरून यायचं नाही.

भाचा : आणि पब्लिकला कसं ऐकू जाणार?

मामा : ॲम्पपुढं मी एक माइक लावतो, अगदी चिकटून, बाकी स्टेजकडं पाठ करून. पण दांडी माझ्या हातात.

भाचा : किती वेळ?

मामा : मला कंटाळा येईपर्यंत.

यावरून पुढे बराच वेळ वाद चालला, मामांना कंटाळा किती सेकंदांत येतो याचा. मी निघालो तेव्हा भाचा गिटारचे स्क्रू सोडत होता आणि मामा बाहेर कुणालातरी विचारत होते की गावात पांढरं मेण किलोवर कुठं मिळेल.